पिवळ्या पिशवीतली कवळी

लग्नाच्या पंगतीत शेजारी अनोळखी बाई येऊन बसली आणि तिनं "तुम्ही काय करता?" असं विचारलं, की मला मनातून उकळ्या फुटतात. मी घाई करत नाही. जिलबीचा तुकडा मोडते, मठ्ठ्याचा घोट घेते आणि मग सहज सांगते की माझा निम्मा दिवस मॉर्च्युरीत जातो. बाई जेवढी सरकायची तेवढी सरकते. मी दुसरी जिलबी घेते. दोन मिनिटांत ती आधीपेक्षा जवळ आलेली असते. नवरीच्या शालूपेक्षा मॉर्च्युरीत लोकांना नेहमीच जास्त रस असतो.

मी पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचं काम बघणारी सिस्टर आहे. म्हणजे कुणी हात धुतले, कुणी नुसते ओले केले, कुठली सुई कुठल्या डब्यात गेली आणि कुठला बोळा कुठल्या पिशवीत, यावर पाळत ठेवणारी बाई. मी वॉर्डात शिरले की सगळे एकदम नळाकडे धावतात. तरुणपणी मी हौशी नाटकांतून बऱ्याच खाष्ट सासवा रंगवल्या, त्याचा इथे उपयोग होतो.

माझ्या हाताखालची सगळ्यात अवघड जागा म्हणजे आमची मॉर्च्युरी, आणि तिथले सगळ्यात अवघड माणूस म्हणजे मामा. दवाखान्यांत पुरुष कर्मचाऱ्याला मामाच म्हणतात, पण आमचे मामा खरोखरच कुणाचेही मामा शोभतील असे आहेत. पांढऱ्या मिशा, खिशात चुन्याची डबी, आवाज खालचा. धायरी नुसतं गाव होतं तेव्हापासून ते धायरीचे. मी तिथे फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "आमच्या कुठल्या शेतात ऱ्हाता, शिस्टर?"

मामा मेलेल्यांशी बोलतात. "दादा, आता उचलतो हां," "आक्का, मान जरा हिकडं," असं सांगितल्याशिवाय ते कुणाला हात लावत नाहीत. आणि हात लावायचे ते उघड्या हातांनी. ग्लोव्हज घालायला त्यांचा विरोध होता. जन्मभर ज्याला माणसासारखं वागवलं, त्याला शेवटच्या दिवशी रबर लावायचं, हे त्यांना पटत नव्हतं. मी रक्तातून पसरणाऱ्या काविळीवर भाषण दिलं. पोस्टर लावलं. मामांनी पोस्टरच्या खिळ्याला आपली डब्याची पिशवी अडकवली.

मग मी नाटक केलं. एका गादीची गुंडाळी करून तिला चादर नेसवली, चादरीला खालून हळद भुरभुरवली आणि मामांना सांगितलं की हे पेशंट ट्रॉलीवरून ट्रेमध्ये घ्या आणि नेहमीसारखं काम करा. मामांनी "दादा, आता उचलतो," असं त्या गादीलाही सांगितलं. मग वहीत नोंद केली, कडी लावली, चुना मळला, कान खाजवला, चहा घेतला, पिशवीतला डबा उघडून बघितला. अर्ध्या तासानं मी त्यांना हाताला धरून सगळीकडे फिरवलं. पेनावर हळद, कडीवर हळद, चुन्याच्या डबीवर, कपाच्या कानावर आणि मामांच्या कानावरही. मी म्हटलं, "मामा, दुसऱ्यांदा बोहल्यावर चढताय का?" ते हसले नाहीत. ते खिळ्याच्या पिशवीतून डोकावणाऱ्या डब्याकडे बघत होते. झाकणावर पिवळं बोट उमटलं होतं. तो डबा रोज संध्याकाळी घरी जायचा आणि त्यांची नात तो उघडून उरलेला खाऊ शोधायची.

दुसऱ्या दिवसापासून मामा ग्लोव्हज घालू लागले. मी इतकी फुशारले की त्या यशावर थांबायला हवं होतं ते थांबले नाही. सगळ्या नियमांची मी गाणी केली. मॉर्च्युरीच्या फळ्यावर खडूनं लिहिली आणि कर्मचाऱ्यांकडून टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणून घेतली. त्यातली दोन सांगते, कारण पुढे जे झालं ते त्यांच्यामुळेच झालं. एक म्हणजे:

कापूस, पट्टी, गॉज ओला,
डोळे मिटून पिवळ्यात घाला.

रक्ताचे, लाळेचे, अंगातून आलेल्या कुठल्याही पाण्याचे बोळे आणि गॉजच्या जाळीदार घड्या पिवळ्या पिशवीत जातात. ती पिशवी भट्टीत जाते आणि राख होते. तिथे विचार करत बसायचं नाही, म्हणून डोळे मिटून. दुसरं गाणं पिशवीचं:

गाठ बसली, पिशवी संपली.

एकदा पिशवीला गाठ मारली, वजन केलं, चिठ्ठी चिकटवली, की ती उघडायची नाही. आत चुकून सुई पडलेली असू शकते, काच असू शकते. हे समजावताना मी छातीवर हात ठेवून म्हटलं होतं, "मी स्वतः आत पडले आणि आतून हाका मारल्या, तरी गाठ सोडायची नाही." टाळ्या पडल्या. मामांनी सगळ्यात जोरात वाजवल्या.

आता त्या सकाळची गोष्ट.

कसबा पेठेत घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा आमच्याकडे आठवडाभर होते. ते पहाटे साडेपाचच्या सुमाराला गेले. सात वाजता त्यांना खाली मॉर्च्युरीत आणलं. न्यायला गाडी अकराला यायची होती. नऊ वाजता मी माझ्या फेरीवर खाली पोचले तर बाहेरच्या बाकावर एक काकू बसल्या होत्या. सुती नऊवारी, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत धोतर, उपरणं आणि तुळशीची पानं. या आजोबांच्या पत्नी. मुलगा वर कागदपत्रं करत होता. त्या रडत नव्हत्या. मला बघून त्यांनी साध्या आवाजात विचारलं, "अहो, यांची कवळी कुठं आहे?"

मी मामांकडे बघितलं. मामांनी माझ्याकडे. कवळी मिळालीच नव्हती, वहीत नोंदही नव्हती. मी वॉर्डात फोन लावला. रात्रपाळीची सिस्टर घरी निघाली होती, तिला गेटवर गाठलं. ती म्हणाली की कवळी तिनं स्वच्छ धुतली, सुकू नये म्हणून ओल्या गॉजमध्ये गुंडाळली आणि चादरीत मानेपाशी ठेवली. खाली सांगायचं मात्र पाळी बदलण्याच्या गडबडीत राहून गेलं.

मी ते मोठ्यानं मामांना सांगितलं. मामांचा चेहरा हळूहळू पडत गेला. ओला गॉज म्हटल्यावर त्यांनी काय केलं असेल हे मला विचारावंही लागलं नाही. फळा समोरच होता.

"डोळं मिटून," मामा म्हणाले.

पिशवी आठ वाजता भरली होती. गाठ बसली होती, वजन झालं होतं, चिठ्ठी लागली होती, आणि ती मागच्या कुलूपबंद खोलीत इतर वॉर्डांच्या पिशव्यांबरोबर होती. भट्टीकडे नेणारी गाडी दहाला येणार होती.

मी काकूंच्या शेजारी बाकावर बसले आणि काय झालं ते सांगितलं. मला वाटलं त्या भडकतील. भडकल्या असत्या तर बरं झालं असतं. भडकलेल्या नातेवाइकांचा मला सराव आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "चाळिशीतच सगळे दात गेले त्यांचे. तेव्हापासून मीसुद्धा त्यांना बिनकवळीचं पाहिलेलं नाही. रात्री दिवा घालवून काढायचे, सकाळी पाठ करून घालायचे. दूधवाला आला तर आधी कवळी, मग कडी. आता अकरा वाजता अख्खी आळी तोंड बघायला येणार."

त्यापुढे त्यांनी काहीच मागितलं नाही.  आपल्याकडे माणूस गेला की लोक शेवटचं तोंड बघायला येतात. चेहरा उघडा ठेवतात, एकेक जण पुढे येतो, बघतो, हात जोडतो. ज्या माणसानं पस्तीस वर्षं बायकोला जे दिसू दिलं नाही, ते आता आळीतली पोरंटोरंही बघणार होती. माझ्या दोन ओळींच्या यमकामुळे.

मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "अजून एक हाय, शिस्टर. जबडा धरायला लागलाय. कवळी आली तरी साडेदहाच्या आत बसवाया पायजे. मग तोंड उघडनार न्हाई."

"पिशवी उघडायची?" मी विचारलं.

"तुमी आतून हाका मारताय का?" मामा म्हणाले.

हा टोमणा मला पूर्णपणे लागला. मी आमच्या संसर्ग नियंत्रण समितीच्या प्रमुख डॉक्टरांना फोन केला. हे गृहस्थ शब्द असे वापरतात की जणू प्रत्येकाला टाका घालावा लागतो. मी सगळं सांगितलं, जरा रंगवूनच.  मग ते म्हणाले, "नियम तुमचा. मोडणार तुम्ही. नोंदही तुम्हीच करा. पिशवी सोडू नका, कापा. हात आत जाता कामा नये." फोन बंद.

आम्ही दोघांनी सगळा पोशाख चढवला. लांब ॲप्रन, मास्क, डोळ्यांपुढे पारदर्शक पडदा, हातात ग्लोव्हजचे दोन थर, पायांत गमबूट. आम्ही दारातून जात असताना काकूंनी वर बघितलं आणि विचारलं, "चंद्रावर निघालात का?" मी नाही म्हटलं, मागच्या खोलीपर्यंतच. "मग लवकर या," त्या म्हणाल्या.

चिठ्ठीवरून मॉर्च्युरीची पिशवी लगेच सापडली. मामांनी ती धुण्याच्या स्टीलच्या टेबलावर मोठ्या ट्रेमध्ये आडवी ठेवली. मी कात्री घेतली. माझा विचार होता की पिशवी मी कापायची आणि चिमट्यानंही मीच शोधायचं, कारण चूक माझी होती. मामांनी माझ्या हाताकडे बघितलं. कात्री मी नाटकातल्या तलवारीसारखी धरली होती.

"रंगमंचावरचा हात हाय तुमचा," ते म्हणाले. "कापा. पुढचं माझ्याकडं द्या."

मी पिशवी लांबीला चिरली आणि दोन्ही बाजूंना पसरली. मामांनी वीतभर लांबीचा चिमटा घेतला आणि एकेक बोळा उचलून ट्रेच्या दुसऱ्या टोकाला ठेवायला सुरुवात केली. घाई नाही. तांदूळ निवडावेत तसं. मी मनातल्या मनात घड्याळ मोजत होते आणि प्रत्येक पांढऱ्या बोळ्याकडे कवळी म्हणून बघत होते. पंधरावीस बोळे झाले असतील. एका पट्टीला चिमटा लागला आणि मामा थांबले.

पट्टीच्या चिकट बाजूला एक बारीक सुई होती. सलाईनची, फुलपाखराच्या पंखांसारखी निळी पानं असलेली. वरच्या वॉर्डात कुणीतरी हातावरची पट्टी उपटताना सुईसकट उपटली होती आणि ती चादरीतून खाली आली होती. बोळे हातानं चिवडले असते तर ती कुणाच्या तरी बोटात गेली असती. बहुतेक माझ्याच, कारण मी घाईत होते.

 मामांनी सुई चिमट्यानं पांढऱ्या कडक डब्यात टाकली आणि डबा दोनदा हलवला, पडल्याचा आवाज आला याची खात्री करायला. मग क्षणभर स्वतःच्या हातमोज्यांकडे बघितलं. कितीतरी वर्षं ते अशाच पिशव्या नुसत्या हातांनी दाबून दाबून भरत होते. जागा व्हावी म्हणून.

कवळी त्यानंतर चौथ्या बोळ्यात निघाली. व्यवस्थित गुंडाळलेली, वर चौकोनी घडी, एखाद्या भेटवस्तूसारखी. रात्रपाळीच्या सिस्टरचा हात नीटस आहे. वरची आणि खालची, दोन्ही शाबूत. मला टाळी वाजवायची होती, पण हात कुठेही लावायचे नव्हते.

उरलेलं सगळं आम्ही कापलेल्या पिशवीसकट नव्या पिवळ्या पिशवीत भरलं, गाठ मारली, नवं वजन, नवी चिठ्ठी. वहीत कारण लिहिताना मी "एक कवळी, दोन भाग" असं लिहिलं. टेबल हायपोच्या, म्हणजे जंतू मारणाऱ्या क्लोरीनच्या पाण्यानं पुसलं. कवळी त्याच पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवली. ही दहा मिनिटं मी कधी विसरणार नाही. पोहण्याच्या तलावासारखा वास, वाडग्यात हसणारे दात, आणि मी अन् मामा दोन्ही बाजूंना उभे. गाडीवाला येऊन पिशव्या घेऊन गेला. जाताना वाडग्याकडे बघून त्यानं विचारलं, "कुनाचं हाय?" मामा म्हणाले, "आबांचं. हात लावू नकोस." मग कवळी वाहत्या पाण्याखाली भरपूर धुतली.

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मामांनी ग्लोव्हज बदलले, शीतपेटीतला आजोबांचा ट्रे बाहेर ओढला आणि चेहऱ्यावरची चादर खाली केली. आजोबांचे गाल आत गेले होते, ओठ आत वळले होते. मी नजर बाजूला घेतली. उगीचच, पण घेतली. मामांनी दोन्ही तळवे त्यांच्या कानांच्या खाली ठेवले आणि हळूहळू दाबायला लागले, थंडीत आखडलेल्या माणसाला शेकावं तसं.

"आबा, तोंड जरा उघडा," ते म्हणाले. "आपलंच हाय. घरची मान्सं येनार हायत."

काकू दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. "इतक्या गोड आवाजात मी कधी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून ऐकत नसतील."

जबडा थोडा ढिला झाला. मामांनी कवळी उचलली, पण काकूंनी हात पुढे केला. खालची कवळी डावीकडून तिरकी घालावी लागते, उजवीकडे तिचा एक कोपरा बोचतो, म्हणून ते रोज कुरकुरायचे, असं त्यांचं म्हणणं. ते रोजचं कुरकुरणं त्यांनी पाठमोऱ्या माणसाकडून ऐकलेलं होतं. मी मामांकडे बघितलं. नातेवाइकांना हात लावू द्यायचा की नाही यावर माझ्याकडे गाणं नव्हतं.

मामांनी कवळी दिली नाही. खोक्यातून छोट्या मापाची ग्लोव्हजची एक जोडी काढली आणि काकूंपुढे धरली.

"आधी मोजे, काकू."

"अहो, चाळीस वर्षं त्यांचे कपडे धुतले, कपाळाला हात लावला, आठवडाभर थुंकी पुसली. आता मला काय होणार आहे?"

"काय होनार न्हाई," मामा म्हणाले. "तरी घाला. माझा डबा घरी नात उघडती. तुमच्याही घरी कुनी आसंल."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना डबा म्हणजे काय ते कळलं नसणार, पण मामांचा चेहरा कळला असावा. त्यांनी हात पुढे केले. बांगड्या मामांनी एकेक करून वर सरकवल्या, मोजे चढवले आणि मनगटापर्यंत नीट ओढून दिले. मी ते बघत उभी होते. हाच माणूस पोस्टरच्या खिळ्याला डबा अडकवत होता.

मग काकूंनी कवळी हातात घेतली आणि आम्हाला म्हणाल्या, "आता पाठ करा दोघं."

आम्ही पाठ केली. मी, गमबूट घातलेली, डोळ्यांपुढे पडदा असलेली, आणि मामा, माझ्या शेजारी, दोघंही भिंतीकडे तोंड करून. माझ्यासमोर फळा होता आणि फळ्यावर माझं गाणं. मागे कुजबुज चालली होती. काय ते मी ऐकलं नाही, म्हणजे ऐकलं, पण सांगणार नाही. मग एक छोटासा खट्ट आवाज झाला. थोड्या वेळानं दुसरा.

"वळा," काकू म्हणाल्या.

आजोबांचे गाल भरले होते. ओठ जागेवर आले होते. उजव्या कोपऱ्यात किंचित नाराजी होती, बोचत असावं तशी. काकूंनी ती नाराजी बघितली आणि पहिल्यांदाच पदर डोळ्यांना लावायला हात उचलला. मामा पटकन म्हणाले, "काकू, मोजे." त्यांनी हात तसाच खाली आणला.

ग्लोव्हज कसे काढायचे ते मामांनीच दाखवलं, आतली बाजू बाहेर, बाहेरची आत. वापरलेल्या ग्लोव्हजसाठी लाल पिशवी लावलेल्या डब्याचं झाकण त्यांनी पायानं उघडून धरलं. काकू ते उलटे झालेले मोजे टाकायला वाकल्या, थांबल्या, एकेक बोट दाबून आत काही नाही ना ते पाहिलं, मग टाकले. हात धुतले, कोपरापर्यंत, साबण लावून. मला एक शब्द सांगावा लागला नाही. आणि मग पदर डोळ्यांना लावला.

जाताना त्या फळ्यापाशी थांबल्या. चष्मा वर-खाली करून त्यांनी दोन्ही गाणी वाचली. "हे कुणी लिहिलंय?" मी हळूच हात वर केला. "यमक बरं आहे," त्या म्हणाल्या. "पण डोळे मिटून? मग देवानं ते दिलेत कशाला?"

अकराला गाडी आली, तिच्याबरोबर आळीही. आळीतली माणसं एकेक करून पुढे आली, चेहऱ्याकडे बघितलं, हात जोडले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की अगदी दुकानात बसल्यासारखे दिसतायत.  काकूंनी मामांकडे बघून मान हलवली.

मी दुपारी पुन्हा खाली गेले तेव्हा फळ्यावरचे "डोळे मिटून" कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसले होते. जागा रिकामी होती. मामा चहा पीत बसले होते, कप शेजारी, डबा कपाटात कुलपाच्या आत.

"तिथं काय लिहायचं?" मी विचारलं.

"बघू," मामा म्हणाले. "पन खाली सही करा. चुकलं तर कुनाला धरायचं ते कळंल."

मी रिकाम्या जागेत "बघून" लिहिलं आणि खाली सही केली. ती अजून आहे.